लांब क्रँक आणि बुटके पिस्टन

एखादी वस्तू निवडायची असेल तर मला विचारा! आमच्या कार्यालयाच्या खरेदी विभागात मी बावीस वर्षं आहे. या बावीस वर्षांत खुर्च्या, पंखे, कपाटं, टाचण्या, जिन्यातली पायपुसणी, साहेबांच्या खोलीतलं घड्याळ, सगळं माझ्या हातून निवडून गेलं आहे आणि एकाही वस्तूबद्दल आजवर तक्रार आलेली नाही. (तक्रारीचा अर्ज कोणत्या खिडकीत द्यायचा हे कुणालाच माहीत नाही, ही गोष्ट वेगळी.) माझी पद्धत सोपी आहे. मोठा कागद घ्यायचा, त्यावर तौलनिक तक्ता आखायचा. पहिल्या रकान्यात अडचणीचं कारण लिहायचं, पुढच्या रकान्यांत वस्तूंना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. जिला गुण जास्त, ती वस्तू घ्यायची. वापरणाऱ्याला विचारायचं नाही. वापरणाऱ्याला विचारलं की गोंधळ सुरू होतो!

त्यामुळे सासऱ्यांच्या गाडीच्या इंजिनाचे भाग निवडायची वेळ आली तेव्हा मी जराही डगमगलो नाही.

आधी गाडीची आणि सासऱ्यांची ओळख करून देतो. सासरे डोंगरावरच्या बिनतारी केंद्राचे प्रमुख होते. तीस वर्षं ते रोज सकाळी एका चौकोनी, उघड्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीतून वर जायचे आणि संध्याकाळी खाली यायचे. ते निवृत्त झाले त्याच वर्षी गाडीही मोडीत निघाली. दोघं एकत्रच घरी आले. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मान फारशी वळत नाही, नजर अधू झाली आहे, पण बसतात ताठ. मागच्या तपासणीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मुदत आहे तोवर हळूहळू चालवा. नव्या परवान्यावर माझी सही मिळणार नाही."

मुदत संपायला अडीच महिने होते. सासरे घरी आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एकदा वर जाऊन येऊ. माझ्या हाताने चालवत. मग किल्ली तुमच्याकडे देतो."

त्यांनी आयुष्यात आमच्याकडे मागितलेली ही एकुलती एक गोष्ट होती.

पुढच्याच रविवारी आम्ही तिघं निघालो. सासरे चालवत होते, शेजारी मी, आणि मागे माझी बायको चहाचा थर्मास मांडीत घेऊन. या गाडीत माझ्याकडे एकच खातं आहे. गाडी उभी केली की उडी मारायची आणि चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायचा. सासऱ्यांचा शिरस्ताच आहे तो. गाडी ठोकळ्यावर उभी राहते, बाकी कशावर ते विश्वास ठेवत नाहीत.

शेवटच्या वळणापर्यंत सगळं झकास चाललं. त्या वळणानंतर मात्र रस्ता असा काही उभा होतो की पुढच्या काचेतून नुसतं आभाळ दिसतं! मला उंचीची भीती वाटत नाही. खोलीची वाटते. माझ्या बाजूला ती भरपूर होती. नशिबाने गाडी बनवणाऱ्याने शेजारी बसणाऱ्याचा विचार केला होता. पुढच्या फळीखाली, माझ्या गुडघ्यांपाशी, एक आडवी लोखंडी मूठ बाहेर आलेली होती. ती दोन्ही हातांनी धरायची, अंगाकडे ओढायची आणि डोळे मिटायचे. इतकी साधी आणि उपयोगी सोय हल्लीच्या गाड्यांत बघायला मिळत नाही! खरेदी विभागातला माणूस म्हणून मला तिचं फार कौतुक वाटलं.

गाडी गुरगुरली. थरथरली. काहीतरी जळल्याचा वास आला आणि इंजिन बंद पडलं.

"इंजिन जळतंय!" मी ओरडलो आणि ठोकळा घेऊन खाली उडी मारली.

"असेल हो," सासरे म्हणाले. "एरवी इंजिनाचा वास असा नसतो."

"बाबा, वयाप्रमाणे वास बदलतो."

यावर त्यांनी मान डोलावली. जावयाचं म्हणणं खोडून काढायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडलेला नाही. सासऱ्यांना खोटं पाडायचं नाही, असा माझाही नियम आहे. त्यामुळे आमच्यात कधीच भांडण होत नाही आणि कुठल्याच गोष्टीचा उलगडाही होत नाही.

गाडी मागे घेतली, वळवली, घरी आलो. सासऱ्यांनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "चालायचंच."

हा त्यांचा शब्द. दात काढला तेव्हा म्हणाले होते, सासूबाई गेल्या तेव्हाही म्हणाले होते. तो शब्द मला ऐकवत नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "बाबा, काळजी करू नका! इंजिनाची ताकद वाढवू. भाग मी निवडतो!"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अरे देवा!"

ती औषधांचं दुकान चालवते. निवडीच्या बाबतीत तिचा माझ्यावर विश्वास नाही. वडिलांसमोर ती मला 'अहो' म्हणते, आम्ही दोघंच असलो की 'अरे', आणि माझ्या हातात तक्ता दिसला की नुसतं 'काय?'

मी गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या माणसाला फोन केला. त्याला आपण पार्टवाला म्हणू. मी म्हटलं, "गाडी चढ चढत नाही."

"साहेब, स्ट्रोकर करून टाका!" तो म्हणाला. जणू एवढी वर्षं तो माझ्याच फोनची वाट बघत होता.

स्ट्रोकर म्हणजे काय, ते त्याने मला समजावलं आणि मी तुम्हाला समजावतो. इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा वाकडातिकडा जाडजूड दांडा असतो. तो फिरला की पिस्टन खाली-वर होतात. जुना क्रँक काढून त्या जागी जास्त बाकाचा घातला, की पिस्टन जास्त खाली जातो आणि जास्त वर येतो. इंजिन मोठा घोट घेतं, ताकद वाढते. झालं! इतकी सरळ गोष्ट आहे.

मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. पहिला रकाना: 'गाडी न चढण्याचे कारण'. त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'इंजिन अशक्त'. मग क्रँक निवडला. तीन होते. एक जुन्यापेक्षा चार मिलिमीटरने लांब फेऱ्याचा (फेरा म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव), एक सहाने, एक दहाने. खरेदी विभागात जास्त ते बरं, म्हणून दहाचा घेतला. मग कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा. एका डब्यावर 'वेगासाठी' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'ओढीसाठी'. ओढीचा घेतला. मग पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर. एक तोंडाचा आणि दोन तोंडांचा. हे काय विचारायचं झालं? तक्त्यात शेवटी 'इतर भागांशी जुळणी' असाही एक रकाना आखला होता, पण कागद पुरेना, तेव्हा तो काढून टाकला.

यानंतर भाग येऊ लागले. म्हणजे पार्टवाला रोज फोनवर "निघालंय!" म्हणायचा. तीन आठवडे तो "निघालंय" म्हणत होता. चौथ्या आठवड्यात ते खरोखर निघालं. कार्ब्युरेटर बैठकीच्या खोलीत आला, कॅमशाफ्ट पलंगाखाली गेला. क्रँक इतका जड होता की तो दारातच राहिला आणि दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत प्रत्येकाला त्याची एकेक ठेच लागली.

"हे काय आहे?" शेजारणीने अंगठा चोळत विचारलं.

"बाबांच्या गाडीची ताकद," मी म्हटलं.

बसवण्याचं काम फिटरकाकांकडे होतं. फिटरकाका म्हणजे बिनतारी केंद्रातले सासऱ्यांच्या हाताखालचे जुने फिटर. स्वतः सत्तरीचे. हात सोन्याचे, पण तोंडात 'साहेब' सोडून दुसरा शब्द नाही. साहेब म्हणाले पूर्व, तर पूर्व. साहेबांच्या जावयालाही तोच मान!

त्यांनी इंजिन बाहेर काढलं, अंगणातल्या शेडमध्ये उलगडलं, नवा क्रँक बसवला, जुनेच पिस्टन परत घातले. वरचं झाकण, म्हणजे हेड, अजून लावलं नव्हतं. आम्ही तिघं भोवती उभे राहिलो. फिटरकाकांनी क्रँक हाताने हळूहळू फिरवला. पिस्टन वर येऊ लागला. वर आला. आणखी वर आला. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या धडाच्या, काठाशी थांबेल म्हणून आम्ही बघत होतो, तर तो थांबलाच नाही! चक्क पाच मिलिमीटर बाहेर आला आणि कुंपणावरून डोकावणाऱ्या शेजाऱ्यासारखा आमच्याकडे बघत राहिला.

फेरा दहा मिलिमीटरने वाढला, तर त्यातला निम्मा वरच्या बाजूला वाढणार, हे सातवीतल्या पोरालाही कळलं असतं. या अवस्थेत हेड बसवलं असतं तर पहिल्याच फेरीत पिस्टनने त्याला धडक दिली असती.

आता सभ्य माणसांनी काय करायचं?

"छान वर आलाय," सासरे म्हणाले.

"आलाय, साहेब," फिटरकाका म्हणाले.

"येणारच!" मी म्हणालो.

आणि आम्ही चहा प्यायला गेलो! क्रँक जावयाने निवडलेला. सासरे त्याला चूक कसा म्हणतील? साहेबच छान म्हणाले, तर फिटरकाका वेगळं कसं बोलतील? आणि मी बावीस वर्षांत स्वतःची खरेदी कधी परत केलेली नाही, तर आज सासऱ्यांसमोर कशी करू? पण तिघांच्याही कपात चहा गार होत होता. आता कळतं की तिघंही मनात एकच हिशेब करत होते: पाच मिलिमीटर.

मी त्याच दिवशी कार्यालयात जाऊन, दार लावून, पार्टवाल्याला फोन केला.

"पिस्टन बाहेर येतोय."

"मग बुटके पिस्टन घाला, साहेब! पाच मिलिमीटर बुटके. माझ्याकडे आहेत."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, साहेब."

बुटके पिस्टन आले. मी खोका गुपचूप फिटरकाकांना दिला. "काका, जुने झिजलेत. हे घाला. बाबांना उगाच सांगू नका, त्यांना वाटेल माझी निवड चुकली."

"बरं, जावईसाहेब," फिटरकाका म्हणाले.

सासऱ्यांनी काय केलं ते मला पुढे कळलं. त्यांनी एका जुन्या ओळखीच्या कारखानदाराला गाठलं. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारे जे दांडे असतात, ते पाच मिलिमीटर आखूड करवून घेतले आणि पिशवीत घालून स्वतः फिटरकाकांच्या घरी नेऊन दिले. "हे घाल. जावईबापूंना काही बोलू नकोस. हौसेने करतायत, त्यांचा हिरमोड होईल."

"बरं, साहेब," फिटरकाका म्हणाले.

आणि फिटरकाकांनी काय केलं? त्यांनी तर त्या चहाच्या दिवशीच टर्नरकडे जाऊन पाच मिलिमीटर जाडीची एक सुंदर पट्टी कातून आणली होती. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये ठेवायला. म्हणजे हेड तेवढंच वर उचललं जाईल आणि कुणाला कळणारही नाही.

काम संपलं तेव्हा परवान्याचे दोनच दिवस उरले होते. सकाळी इंजिन गाडीत बसलं. सासरे इस्त्रीचा सदरा घालून शेडमध्ये आले. बायकोही दुकान उशिरा उघडायचं ठरवून थांबली. या गाडीला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागतं. एरवी ते काम म्हणजे शिक्षा! हँडल उलटं फिरून मनगट मोडायची भीती असते.

मी बाह्या सरसावल्या. "सगळे बाजूला व्हा! आता हे भलतंच जड असणार. ताकद वाढलीय!"

आणि सगळा जोर लावून हँडल फिरवलं. ते इतकं सहज फिरलं की मी हँडलसकट गोल फिरलो आणि बंपरवर बसलो!

"बघू," बायको म्हणाली. एका हातात दुकानाची पिशवी होती, ती तिने खालीसुद्धा ठेवली नाही. दुसऱ्या हाताने तिने हँडल फिरवलं. इंजिन चालू झालं.

चालू झालं म्हणजे, आवाजावरून तसं वाटलं. फुस... फुस... फुस... जेवण जड झालेला माणूस दुपारी आरामखुर्चीत श्वास घेतो, तसा आवाज. सासऱ्यांनी गाडी अंगणात एक फेरी फिरवून आणली. गाडीच्या बाजूने शेजारणीचं मांजर चालत गेलं. ते पुढे गेलं.

"मऊ चालतंय," सासरे म्हणाले.

"फार मऊ, साहेब," फिटरकाका म्हणाले.

"मऊच हवं!" मी म्हणालो.

बायकोने पिशवी खाली ठेवली. तिच्या दुकानात रोज असं कुणीतरी येतं की ज्याने एकाच तापासाठी तीन डॉक्टर गाठलेले असतात आणि तिघांनी एकच औषध वेगवेगळ्या नावांनी लिहून दिलेलं असतं. असा माणूस तिला दुरून ओळखता येतो. इथे तर तीन होते.

"फिटरकाका," ती म्हणाली, "इंजिनात काय काय नवीन घातलंत?"

"जे दिलं ते, ताई."

"कोणी काय दिलं?"

फिटरकाकांनी सासऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग फडक्याने हात पुसले. मग पुसलेलेच हात पुन्हा पुसले. "जावईसाहेबांनी पिस्टन दिले. बुटके. पाचने."

"काय?" सासरे म्हणाले.

"साहेबांनी दांडे दिले. आखूड. पाचने."

"काय!" मी म्हणालो.

"आणि मी पट्टी टाकली. पाचची."

मी बोटांवर मोजलं. सासऱ्यांनी आभाळाकडे बघून मोजलं. पाच मिलिमीटरच्या दुखण्यावर पंधरा मिलिमीटरचा इलाज झाला होता! पिस्टन आता वर यायचा, हेड कुठेतरी लांब दिसायचं, आणि तो तसाच परत जायचा. मध्ये इतकी मोकळी जागा होती की हवा दाबली जाण्याऐवजी ऐसपैस बसत होती. आधीच्या इंजिनात होती तेवढीही ताकद आम्ही शिल्लक ठेवली नव्हती.

"पण काका, बसवताना तुम्हाला दिसलं नाही?" बायकोने विचारलं.

"दिसलं की! पिस्टन लई खाली राहत होते."

"मग?"

"दोन मोठ्या माणसांनी विचार करून दिलंय म्हटल्यावर मी मध्ये कोण बोलणार, ताई?"

"मग निदान तुमची पट्टी तरी काढायची!"

फिटरकाका खजील झाले. "ती फार सुरेख कातून आली होती."

परत उलगडून जोडायला किती दिवस लागतील, असं मी विचारलं. आठ, ते म्हणाले. परवाना परवा संपत होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, सासरे हे वापरणारे आहेत आणि आपण त्यांना विचारायला हवं होतं. चढ चढत नाही म्हणालो आणि गाडीचा उरलासुरला दमही काढून घेतला!

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं, पुढच्या फळीवरून एकदा हात फिरवला. "चालायचंच," ते म्हणाले.

"काही चालायचं नाही!" बायको एकदम कडाडली. "उद्या सकाळी निघायचं. नाही चढली तर ढकलू. आणि अहो, तो तक्ता घरी ठेवायचा!"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. तेच तिघं, तोच थर्मास. सपाट रस्त्यावर आम्हाला सायकली ओलांडून जात होत्या आणि सायकलवाले वळून वळून बघत होते. सासरे मात्र ताठ बसून, नजर रस्त्यावर रोवून, एकेक गिअर असा बदलत होते की जणू काच हातात आहे. खालच्या चढांवर गाडी दमली, पण थांबली नाही. इंजिन फुसफुसत राहिलं, चाकं फिरत राहिली. मग ते शेवटचं वळण आलं. काचेत आभाळ आलं. माझ्या बाजूला खोली आली. मी मूठ पकडली, अंगाकडे ओढली आणि डोळे मिटले.

गुरगुर. थरथर. तोच वास! इंजिन बंद पडलं, आणि तेही बरोबर त्याच जागी.

मी ठोकळा घेऊन उडी मारली, मागच्या चाकाखाली सरकवला. सासरे स्टिअरिंगवर हात ठेवून काचेतल्या आभाळाकडे बघत बसले होते. मला ते बघवेना.

"बाबा, चालू करा!" मी ओरडलो. "मी ढकलतो!"

"अहो, एकट्याने काय ढकलणार तुम्ही?" बायको म्हणाली.

"मी ढकलतो म्हटलं ना!"

तिने उतरून हँडल मारलं, इंजिन फुसफुसू लागलं, ती पुढे माझ्या जागी बसली. मी मागे गेलो, खांदा लावला, पाय रोवले, दातओठ खाल्ले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत जोर केला. आणि काय सांगू! गाडी अशी सरसर निघाली की माझा खांदा हवेतच राहिला आणि मी मातीत तोंडावर पडलो! मान वर केली तर गाडी वळणापलीकडे चाललेली. थांबली नाही, दमली नाही, मागे वळूनही बघितलं नाही.

माझ्यात इतकी ताकद होती! मी धुळीतच बसून दोन मिनिटं स्वतःच्या दंडाकडे बघत राहिलो. मग धावत निघालो. त्या भरात ठोकळा तिथेच राहिला.

वर पोचलो तेव्हा तोंडाला फेस आला होता. मनोरा होता, दोन खोल्या होत्या, दारांना कुलपं होती. गाडी मोकळ्या जागेत उताराकडे तोंड करून उभी होती. इंजिन चालूच होतं आणि सासरे ब्रेकवर पाय दाबून बसले होते. चेहऱ्यावर असा आनंद की मला गलबलून आलं. बायको खाली उतरून डोळे पुसत होती आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणत होती.

"जावईबापू, आलो हो वर! तुमच्यामुळे आलो!" ते म्हणाले. "ठोकळा कुठाय?"

"खालीच राहिला, बाबा."

"मग असं करा. इकडे बसा आणि जरा हे ओढून धरा. ती दगड लावेपर्यंत."

मी बसलो. त्यांनी फळीखालच्या त्या आडव्या मुठीकडे बोट केलं. माझ्या मुठीकडे! मी ती धरली, सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी. बोटं आपापल्या जागी जाऊन बसली.

"बाबा," मी विचारलं, "हे काय आहे?"

"हँडब्रेक. याची खाच झिजलीय, आपोआप अडकून राहत नाही. कोणीतरी ओढून धरला तरच लागतो. म्हणून तर ठोकळा."

मी मूठ धरून बसलो. बायको दगड शोधत होती. मला कुठलाही दगड चालला असता, डोक्यात घालायला. पहिला रविवार डोळ्यांपुढून गेला. तो वास गेला. दारातला क्रँक गेला, पलंगाखालचा कॅमशाफ्ट गेला, बुटके पिस्टन, आखूड दांडे आणि सुरेख पट्टी, सगळे एकामागून एक गेले. आणि आता कळलं की मी ढकलल्यामुळे गाडी चढली नव्हती. मी उतरल्यामुळे चढली होती!

मी कुणालाही काही बोललो नाही. आम्ही पायरीवर बसून चहा घेतला. सासऱ्यांनी एका खोलीच्या खिडकीतून आत वाकून पाहिलं, कुठे टेबल होतं, कुठे खुर्ची होती ते लेकीला दाखवलं, आणि बराच वेळ खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. मग गाडीकडे येत म्हणाले, "चला. पुरे झालं." या वेळी 'चालायचंच' म्हणाले नाहीत.

उतरताना पुन्हा मी पुढे, बायको मागे. वळण आलं. खोली आली. मी हात मांडीवर ठेवायचं मनाशी पक्कं ठरवलं होतं. हातांनी ऐकलं नाही. ते गेले ते थेट त्या मुठीवर! मी दचकून त्यांना मागे ओढलं.

सासऱ्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. एकोणीस वर्षांचा नियम त्यांनी तिथे, त्या वळणावर, अगदी हळू आवाजात मोडला.

"धरा, धरा, जावईबापू. उतारावर धरलीत तर मदतच होते. चढावर तेवढी सोडत चला."

मागच्या सीटवरून बायकोने मान पुढे काढली. मग थर्मास खाली पडला, आणि घर येईपर्यंत बायकोचं हसू काही थांबलं नाही.

संध्याकाळी त्यांनी ठरल्याप्रमाणे किल्ली माझ्या हातात दिली. मी ती खिशात ठेवली, टेबलावरचा तक्ता पुढे ओढला आणि खोडरबर शोधलं. 'गाडी न चढण्याचे कारण' या रकान्यातलं 'इंजिन अशक्त' पुसलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'खरेदी विभाग'.